पाण्यात धरल्यावर

अप्पर डेपोच्या उतारावर, रसवंतीला लागून
माझं दुकान: एक कॉम्प्रेसर, दोन स्टुलं
आणि पाण्याचा पत्र्याचा टब.
नवरा गेल्यावर बायका म्हणाल्या, पोळ्या लाट.
मी पान्हा उचलला.

सोल्युशनच्या एका ट्यूबमध्ये तीस पंक्चर निघतात,
हात सढळ असला तर पंचवीस.
हा हिशोब मला झोपेतही येतो.
रोनित दर दोन दिवसांनी ट्यूब न्यायचा,
म्हणायचा, "ताईच्या सायकलला."
तेव्हा मला कळत नव्हतं असं नाही.
ताई काय बाभळीच्या रानातून जाते का रे रोज,
एवढंही विचारलं नाही.
वीसची नोट गल्ल्यात टाकली,
सुट्ट्यांऐवजी लिमलेटची गोळी दिली.
त्या गोळीचं जास्त लागतं मनाला.

चौदाचा होता.
बोलताना शब्द एकमेकांना चिकटायचे.
जवळ आला की
माझ्याच दुकानाचा वास यायचा.

मग ती रात्र.
चार पोरं, दोन कोयते, आणि गल्लीत लावलेल्या गाड्या
ज्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं.
नळाला पाणी आल्यावर हंडे वाजतात
तशा काचा वाजत गेल्या, दारामागून दार.
टेम्पोवाले ढमाले अडवायला गेले,
खांद्याला अकरा टाके.
सकाळी सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं:
रोनित सगळ्यात पुढं, सगळ्यात बारका.
कुणी म्हणालं संस्कार, कुणी म्हणालं संगत,
कुणी म्हणालं चौकात फोडून काढा.
मी दुकानापुढच्या काचा झाडत होते.
त्या आठवड्यात धंदा चांगला झाला.
काचा घुसलेली चाकं सगळी
माझ्याकडंच आली.

पण मला ती रात्र एवढी आठवत नाही.
त्याच्या आधीची दुपार आठवते.
मे महिना, डांबर पाघळलेलं,
आणि ह्याच्या बाह्या मनगटापर्यंत.
मी ट्यूब पाण्यात दाबून फिरवत होते.
"काकू, भोक कुठंय ते कसं कळतं?"
"पाण्यात धरलं की बुडबुडा येतो."
त्यानं बाही सारली, हात कोपरापर्यंत टबात घातला
आणि बघत राहिला.
आडव्या रेघा. जुन्या पांढऱ्या, काही ताज्या,
किराणावाला उधारी मांडतो तशा.
"कुणी केलं रे?"
"मीच."
मग म्हणाला, "नाही येत बुडबुडा,"
आणि हसला,
आणि ट्यूब मागितली.
मागं रिक्षावाला हॉर्न मारत होता,
चाक उघडं पडलं होतं, ऊन डोक्यात होतं.
ही सगळी कारणं झाली.
मी दिली.

वस्तीला कोयता दिसला.
तोच हात आधी कितीतरी दिवस
स्वतःवर चालत होता,
ते टबातल्या पाण्यानं पाहिलं, आणि मी.

आता तो येरवड्याला, सुधारगृहात.
शालन, त्याची आई, भेटायला जाते.
दोनदा मीही गेले.
पहिल्यांदा त्यानं ओळख दिली नाही.
दुसऱ्यांदा विचारलं, टब आहे का अजून.
ट्यूब सुटी विकायची मी बंद केली.
पोरं पलीकडच्या हार्डवेअरात जातात,
येता-जाता दिसतात.

काल ताई आली, सायकल ढकलत.
खरंच होती सायकल.
गुलाबी, चेन गंजलेली, दोन्ही चाकं जमिनीला टेकलेली.
"कधीपासून गं?"
"वर्ष झालं. रोनित म्हणायचा,
पंक्चर काढून आणतो, काढून आणतो."
पाच निघाली. पैसे घेतले नाहीत.
ती स्टुलावर बसून टबात बघत होती
आणि मी सगळा वेळ
सोल्युशनची ट्यूब मुठीत झाकून
तिच्याकडं पाठ करून
चिकटवत होते.